अडीच तास पुढे

मी घड्याळ बोलतोय. बिघडलेलं नाही, अडीच तास पुढे आहे, एवढंच.

मला घेतलं भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांची एकुलती लेक परदेशी नोकरीला गेली, त्याच आठवड्यात. तिच्या शहराच्या वेळेवर माझे काटे लावून त्यांनी मला पलंगासमोर टांगलं. माझ्याकडे पाहायचं, मनात अडीच तास वजा करायचे, की इथली वेळ! स्वयंपाकघरातलं घड्याळ त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं. मास्तर त्याला कधी विचारत नसत.

मग मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत आवाज जपा. मला तो समोर बसून ऐकायचाय."

मास्तरांनी मौन धरलं.

तिचं तिकीट वाचून बाई हरखल्या. "अकराला निघून दोन दहाला इथं! तीनच तासांचा तर प्रवास."

मास्तरांनी आशियाच्या नकाशावर दोरा ताणला. चौदा सेंटिमीटर, म्हणजे बेचाळीसशे किलोमीटर. मौन तिथंच मोडलं. "अगं, विमान आहे, तोफेचा गोळा नाही. अकरा तिकडचे, दोन दहा इथले. पाच तास चाळीस मिनिटं!"

"बोलू नका म्हटलंय ना!"

ऑपरेशनसाठी निघायचं त्याच दिवशी ती येणार होती. तीनला शेजाऱ्यांची गाडी ठरलेली. सकाळी मास्तर आंघोळीला गेले आणि बाईंनी मला खाली उतरवलं. "पोरगी इथं येतेय, आता तिकडची वेळ कुणासाठी?" असं म्हणत त्यांनी माझे काटे मागे फिरवले. मास्तरांना सांगायचं मात्र राहून गेलं.

दुपारी माझ्यावर दोन दहा झाले. मास्तरांनी सवयीनं वजाबाकी केली: अकरा चाळीस. लेक अजून समुद्रावरच. त्यांनी निवांत डोळे मिटले. मी सांगणार कसं? मला टिकटिक तेवढी येते.

"अहो, उठा. गाडी येईल."

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

"हट्ट नको. पावणेतीन झालेत."

"सव्वाबारा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कुठले सव्वाबारा? सकाळीच मी ते इथल्या..." बाई मधेच थांबल्या.

मास्तर ताडकन उठून बसले. विमान उतरायची वेळ टळून पस्तीस मिनिटं झाली होती. लेकीचा पत्ता नव्हता आणि तिकडचा फोन इथं लागत नव्हता. एक बूट चढला. दुसऱ्याच्या नाडीची गाठ बसली. खाली हॉर्न वाजला, शेजाऱ्यांची हाक आली.

"मास्तर, चला! डॉक्टर थांबायचे नाहीत."

तीनला दोन मिनिटं कमी. जिन्यात बॅगेची चाकं खडखडली आणि लेक धापा टाकत दारात उभी राहिली.

महिनाभर जपलेला आवाज. मास्तरांनी तोंड उघडलं.

"किती लागले गं?"

"पाच तास पंचेचाळीस."

"ऐक," ते बाईंकडे वळले, "म्हणे तीन!"

लेक हसता हसता रडू लागली. "बोला ना बाबा, आणखी बोला."

जिना उतरताना ते काय बोलले, मला कळलं नाही. आवाज मात्र शेवटच्या पायरीपर्यंत येत होता.

लेक परत गेली. मी पुन्हा अडीच तास पुढे आहे. माझ्यावर नऊ वाजले की तिचा फोन येतो. ती बोलते, मास्तर फोनवर बोटानं टकटक करतात.

बाई, एकच विनंती. मला इथल्या वेळेवर आणायचंच, तर ती दारात आल्यावर आणा. आधी नको.