एक नोंद कमी

आमच्या संकेतस्थळावर ज्याची माहिती चढते, तो दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीसकट आमच्या ऑफिसात येऊन बसलेला असतो.

संकेतस्थळ मीच बांधलं. महाविद्यालयांचे जुने प्रबंध, हस्तलिखितं, फोटो संगणकावर सांभाळणारे ॲडमिन आमच्या यादीत एकशे एक्केचाळीस. त्यांना सूचना, नियम, एकमेकांचे पत्ते एका जागी मिळावेत, एवढाच उद्देश. संकेतस्थळ दर तासाला त्यांची पानं धुंडाळतं आणि माहिती उचलून आणतं. माणसंही येतील असं कामाच्या कागदात नव्हतं. येणार नाहीत असंही नव्हतं.

आता ऑफिसच्या या टोकापासून त्या टोकाला जायला वीस मिनिटं लागतात. मंडळी तक्रार करत नाहीत. लातूरचे गृहस्थ येताना चहा घेऊन आले. तो अजून गरम आहे आणि त्यांनी अजून कुणाला विचारलेलं नाही. घरून फोन येतात. परत कसं पाठवायचं ते आम्हाला ठाऊक नाही, असं मी नम्रपणे सांगतो.

एक जण दोनदा आले होते, जुन्या पत्त्यावरून आणि नव्या पत्त्यावरून. आमच्या प्रमुख चौबळ मॅडम म्हणाल्या, दुबार नोंद काढा, जिचे रकाने जास्त भरलेत ती ठेवा. मी दुसरी पुसली. खुर्ची राहिली. थोडा वेळ ती कोमट होती.

एकच नोंद मी चढू दिली नव्हती. माझी बायको सुनीती वाशीमच्या एका महाविद्यालयाचा संग्रह सांभाळते. तिच्या पानाचा पत्ता मी अडवून ठेवला होता. सोमवारी मॅडमनी बोट फिरवत रांगेतली माणसं मोजली.

"एकशे चाळीस. एक कमी आहे हो, करकरे."

कुठली नोंद राहिली ते उद्या त्या स्वतः बघणार होत्या. मी सुनीतीला फोन करून सगळं सांगितलं आणि पान आजच पुसायला लावलं.

"अख्ख्या राज्याला जागा आहे, बायको तेवढी जड झाली?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. पुसते म्हणाली.

आणि तिने पुसलं. पण संग्रह सांभाळणाऱ्या या लोकांची एक सवय असते: काहीही पुसण्याआधी त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या. दारात चप्पल काढावी इतक्या सहज तिने त्या ठेवल्या. मी अडवलेला पत्ता एकच होता.

मंगळवारी सकाळी रांगेच्या शेवटी तीन सुनीती बसल्या होत्या. तीच निळी ओढणी, तोच चष्मा, हातात तेच पेन.

"दोन काढा," मॅडम म्हणाल्या. "नियम माहीत आहे तुम्हाला."

तिघींचे रकाने सारखेच भरलेत, मी म्हणालो. मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी भरू द्या, असं म्हणत त्यांनी तिघींपुढे कोरे कागद ठेवले आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

मी वाकून हळूच विचारलं, यातली खरी कोण.

"अरे, प्रत आहे. खरी-खोटी कसली?" तिघी म्हणाल्या. घरी माझ्यावर वैतागते, त्याच सुरात.

त्या लिहू लागल्या. जन्मगाव. शाळा. लग्नाची तारीख. माझ्या आईशी झालेली भांडणं, तीही तारखेसकट. शेजारच्या कागदाकडे एकीनेही पाहिलं नाही, आणि तिन्ही कागदांवर ओळ एकाच शब्दाला मोडत होती. पावणेबाराला तिघींची शाई एकदम संपली.

मी खिशात हात घातला. पेन एकच होतं. तीन हात पुढे आले.