१९६९ सालचं भाकीत

छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कागदाच्या रिमांवर, यंत्राच्या पायरीवर, मिळेल तिथं माणसं चढलेली आणि सगळ्यांचे डोळे माझ्या संगणकावर खिळलेले. आमच्याकडे आलेल्या चमत्कारी बाबांच्या वेबसाइटवरचं भाकिताचं पान कधीचं आहे, ते पडद्यावर झळकत होतं: ३१ डिसेंबर १९६९.

"बघा!" दादा ओरडला. "'छापखान्यातल्या थोरल्या सुनेची साखर उतरेल.' बाबांच्या जन्माआधी लिहिलंय हे!"

बाबांनी डोळे मिटले. "आम्ही कुठले लिहिणारे? काळच आमच्या हातानं लिहितो. सूनबाई, ती सुई आता विसरा."

थोरली सून म्हणजे माझी वहिनी. तिला जेवणाआधी इन्सुलिन लागतं. दादानं तिचा औषधाचा डबा काढून स्वतःच्या खिशात घातला. ह्याच दादानं परवा बाबांपुढे घरची सगळी रडगाणी गायली होती, हे तो साफ विसरला.

आणि मी? मी मूग गिळून बसलो. गिऱ्हाइकांच्या फाइली दूरच्या संगणकांवर असतात. छापण्याआधी त्या शेवटच्या कधी बदलल्या, हे विचारून घेणारा प्रोग्राम मीच लिहिलेला; बाबांच्या पानाची तारीखही त्यानंच दाखवली होती. त्याच्या फुशारक्याही भरपूर मारलेल्या. तारीख बघताक्षणी गफलत कळली होती, पण चारचौघांत आपलं हसं कोण करून घेणार?

वहिनी पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "भाऊजी, बाबांचा कालचा फोटो, ह्याच यंत्राशेजारचा, तोही तिथंच टाकलाय ना? त्याची तारीख विचारा बरं."

मी विचारली. पडद्यावर आलं: ३१ डिसेंबर १९६९.

"अहो, हे यंत्र तर गेल्या वर्षी घेतलं!" वहिनी म्हणाली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ही देवाची लीला..." बाबा पुटपुटले.

"लीला कसली डोंबलाची!" माझा बांध फुटला. "बाबांच्या संगणकानं तारीख सांगितलीच नाही. अशा वेळी उत्तर येतं वजा एक. त्याचा अर्थ 'माहीत नाही'. संगणक सेकंद मोजतो ते ग्रीनिचच्या घड्याळानं, १९७० च्या पहिल्या क्षणापासून, आणि माझा प्रोग्रामही तेच घड्याळ दाखवतो. माझ्या प्रोग्रामनं वजा एकलाही वेळ समजून एक सेकंद मागे मोजला, म्हणून हे १९६९. वजा एक आलं तर 'माहीत नाही' असं दाखव, एवढी एक ओळ मी घातली नाही. हा माझा आळस आहे, दादा. डबा दे तिचा."

दादानं खाली मान घालून डबा दिला. बाबा चपला शोधू लागले.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती आत जाऊन सुई टोचून घेऊ लागली.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर तोच प्रयोग दुसऱ्या वस्तूवर करून बघा, वहिनीनं केला तसा. आणि खरं ठाऊक असेल तर लगेच बोला. आपल्या अब्रूपायी दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नका. मी खेळलो.