बाराच्या घंटेचा चोर

१९३८ साली उत्तनच्या कोळीवाड्यात एका कुत्र्यावर खटला चालला. कुत्र्याचं नाव नवाब, मालकीण आयडामावशी आणि फिर्यादी कॅजिटनमामा. मामाने बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले होते, आणि त्यांतले दोन-तीन रोज गायब होत. नवाबाला काठीने झोडून झालं, शेपटीला डबा बांधून झाला, नाकाला तिखट फासून झालं. या शिक्षणातून तो एवढंच शिकला, की चोरी केल्यावर जास्त जोरात पळावं.

गावच्या बैठकीत पाटलाने तीन आठवड्यांची मुदत दिली. तोवर कुत्रा सुधारला नाही, तर गोणीत घालून समुद्रात.

मावशीचा नवरा समुद्रानेच नेला होता आणि मुलगा दूर कुठल्या बोटीवर खलाशी होता. घरात बोलायला एक नवाबच. ती भाच्याकडे गेली. सेबॅस्टियन नुकताच मुंबईहून बी.एस्सी. होऊन आला होता आणि नोकरी लागेपर्यंत गावाला सल्ले देत होता. कुणी मागितलेला सल्ला मात्र हा पहिलाच.

"एवढी बुकं वाचलीस," मावशी म्हणाली, "एका कुत्र्याचं तरी कर कायतरी."

सेबॅस्टियन वही घेऊन आधी फिर्यादीकडे गेला.

"मामा, चोरी किती वाजता होते?"

"दुपारची."

"तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"ह्या डोल्यांनी. बाराची घंटा चालू व्हती, अन् ह्यो मेला..." मामा एकदम थांबला.

बाराची घंटा म्हणजे चर्चची. ती वाजली की अख्खा वाडा हातातलं काम टाकून, मान खाली घालून, डोळे मिटून उभा राही. 'नमो मारिया'ची प्रार्थना तीनदा म्हणून होईपर्यंत कुणी हलत नसे.

"म्हंजे, माजी बायको बोलली," मामा म्हणाला.

बायको म्हणाली, शेजारीण बोलली. शेजारीण म्हणाली, कॅजिटनभावोजी बोलले. सेबॅस्टियनने वहीत एक गोल काढला आणि साक्षीपुरावा तिथेच बंद केला.

मग तो चार दिवस एका पालथ्या होडीमागे घड्याळ घेऊन बसला. घंटेचा पहिला ठोका पडला की नवाब उठे, आळस देई, खांबासारख्या उभ्या माणसांमधून सावकाश चालत जाई आणि दोन बोंबील ओढून घेई. 'आमेन'पर्यंत तो निवडुंगाआड पोचलेला असे. घंटा, मग स्तब्ध माणसं, मग मासळी. रोज, त्याच क्रमाने. इतका नियमित मास्तर सेबॅस्टियनला कॉलेजातही भेटला नव्हता. कुत्र्याला चोरी शिकवली होती ती गावाच्या भक्तीने.

"घंटा बंद करता येणार नाही," तो मावशीला म्हणाला. "तिचा अर्थ बदलायला हवा. घंटा झाली की मासळी तुझ्या हातात, असं त्याला कळलं पाहिजे."

"आन् काठी?"

"काठी चुलीत घाल."

आधी दोरी आली, कारण चोरलेला प्रत्येक बोंबील हाही एक धडाच होता. बारा वाजता नवाबाला दाराशी बांधायचं, पहिल्या ठोक्याला मावशीने मूठ पुढे करायची, तो बसला की मुठीतलं बांगड्याचं डोकं द्यायचं. ओरडायचं नाही, आधी द्यायचं नाही, उशीरही करायचा नाही. पहिले तीन दिवस नवाबाने दोरीला हिसके दिले आणि प्रार्थनेपेक्षा वरच्या पट्टीत रडला. पाचव्या दिवशी त्याने ठोका ऐकून मुठीकडे मान वळवली. दुसऱ्या आठवड्यात दोरी लांब झाली. मग एकदा मावशीला भाईंदरच्या बाजारातून यायला उशीर झाला, आणि नवाबाने दोरी दातांनी तोडून सगळं शिक्षण दोन बोंबलांत विकलं. पुन्हा पहिल्यापासून. कसाबसा शनिवारी तो दोरीशिवाय बसला, तोही एकदाच.

रविवारी मुदत संपली. बाराच्या आत पाटील आणि सगळा वाडा बोंबलांच्या दोऱ्यांपाशी जमला. मावशीने नवाबाला मोकळं सोडलं. तो थेट कॅजिटनमामाच्या बोंबलांखाली जाऊन बसला. गोणीही आणलेली होती.

पहिला ठोका पडला. माना खाली गेल्या. नवाब उठला, त्याने वर बोंबलांकडे पाहिलं, मग माणसांकडे. दुसऱ्या ठोक्याला तो वळला आणि वीस पावलं चालून मावशीच्या पायाशी बसला.

'आमेन' होताच वाड्याला कंठ फुटला.

"पुढले पाय जोडून बसला व्हता."

"डोले बी मिटले व्हते."

"मिटले न्हवते," मामा म्हणाला, "मी सबंध टाईम बघत..."

सगळ्यांनीच जमिनीकडे पाहिलं.

पाटील खाकरला. "कुत्रा भाविक हाय," तो म्हणाला. "गोणी घरी न्या."

सेबॅस्टियन बांगड्याच्या डोक्यांचा खुलासा करायला पुढे सरसावला, तेव्हा मावशीने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"गप ऱ्हा. बुद्धी हाय म्हनशील तर परत बुडवाया निघतील."

पुढच्या शनिवारी फादरपुढे पापं कबूल करणाऱ्यांची रांग चर्चच्या दाराबाहेर आली होती. सेबॅस्टियनही तीत उभा होता. त्याच्या वहीत रविवारची नोंद होती: 'हजर चव्वेचाळीस. डोळे मिटलेली एकच, आयडामावशी. कुत्रा मुठीकडे पाहत होता.'