लंगोटाचा प्राणवायू

इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल बायकांनी आणि बाळांनी खच्चून भरला होता. समोर श्वासगुरू एका आजोबांच्या मनगटाला पट्टी बांधून उभे. पट्टीवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटला, चौऱ्याण्णव.

"आता माझ्याबरोबर श्वास घ्या, आजोबा. पोटातून! पेशी न् पेशी जागी करा!"

आजोबांनी फुसफुस केली. आकडा चढत चढत नव्व्याण्णववर गेला. टाळ्या!

"बाळाच्या पायात हीच पट्टी घाला, ताई, आणि खुशाल झोपा. जागायचं काम तिचं!"

मग त्यांनी मला उभं केलं. मी विज्ञानाची पदवीधर, त्यात तान्ह्याची आई. माझ्या शब्दाला वजन. "पट्टी आल्यापासून मी सारखी उठून बाळाच्या नाकाशी बोट धरत नाही," मी म्हणाले. बायका पट्ट्यांवर तुटून पडल्या.

माझी नणंद, मुलांची डॉक्टर, माझ्या नवऱ्याबरोबर आम्हाला न्यायला आली होती. बाळाला घेताच तिला त्याचा श्वास भरभर चाललेला जाणवला. तिने झबलं वर केलं.

"वहिनी, हा नीट दूध पितोय का गं?"

"सर्दी आहे, म्हणून कमी पितोय. पण अठ्ठ्याण्णव आहे, बघ की!"

"आकडा राहू दे. छाती बघ. दर श्वासाला बरगड्यांमध्ये खड्डा पडतोय."

तिने बॅगेतला तान्ह्यांचा मीटर बाळाच्या अंगठ्याला लावला. एकोणनव्वद.

"दादाला म्हणावं, गाडी काढ. आत्ता!"

"तुमचं यंत्र जुनं असेल, मॅडम," गुरू हसले.

तिने बाळाच्या पायातली पट्टी सोडली आणि माझ्या पिशवीतल्या घडी केलेल्या लंगोटाला गुंडाळली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. पंच्याण्णव... सत्त्याण्णव... नव्व्याण्णव.

"लंगोटाची तब्येत ठणठणीत!" मागून कुणीतरी म्हणालं. हॉल खदखदला.

"कापडातही प्राणवायू असतोच की..." गुरू पट्ट्यांची खोकी आवरू लागले.

मला मान वर करवेना. तो खड्डा सकाळी कपडे बदलताना मला दिसला होता. पट्टीकडे बघून मीच झबलं खाली ओढलं होतं.

गाडीत नणंद एका हाताने बाळाला सावरत बोलत होती. "पट्टी कातडीवर प्रकाश टाकते आणि परत आलेला मोजते. नाडी सापडली नाही, तर चांगलं यंत्र आकडा दाखवतच नाही. हे मिळेल त्या प्रकाशाचा नव्वदीतला आकडा बनवतं आणि आपोआप वर नेतं. आजोबा गप्प बसले असते तरी चढला असता. यंत्र पारखायचं तर आजारी माणसावर, खात्रीच्या यंत्राशेजारी ठेवून. धडधाकट माणसाचे अठ्ठ्याण्णव मीही डोळे मिटून सांगेन."

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठे बाळाच्या ओठांवर रंग आला. मी बाहेर येऊन, माझ्या शब्दावर पट्टी घेतलेल्या एकेकीला फोन लावू लागले.

"अगं, पण तूच तर सगळ्यांसमोर सांगितलंस!" शेजारीण म्हणाली.

"हो, मीच. आणि न तपासता सांगितलं. ती पट्टी काढ, झबलं वर कर आणि लेकराकडे बघ. मी फोनवर थांबते."