गारव्याचा बाजार

यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नका ठेवू विश्वास. पण जिची ही गोष्ट आहे ती मावशी इथेच ओट्यावर बसलीय. तिच्या हातात सुरी आहे, पुढ्यात मासा आहे. खोटं वाटलं तर तिलाच विचारा. फक्त तिने सुरी खाली ठेवल्यावर विचारा.

तर, या बंदरावर पूर्वी बर्फाचे तीन कारखाने होते. एकाने भाव चढवला की मासेवाल्या बायका दुसऱ्याकडे. दुसऱ्याने लादी बारीक काढली की पदर खोचून तिसऱ्याकडे. तिन्ही मालक बायकांना टरकून असायचे. मावशी फाटकातून आत आली की एक जण तर खुर्ची पुसायला घ्यायचा.

मग कंपनी आली. तिने पहिला कारखाना घेतला, दुसरा घेतला. तिसरा मालक विकायला तयार होईना, तेव्हा कंपनीने बर्फ इतका स्वस्त केला की तो बिचारा उभ्या उभ्या वितळला. त्याचाही कारखाना घेऊन झाल्यावर दोन कारखान्यांना कुलपं लागली आणि एकाच्या फाटकावर एक कागद आला. ज्याला बर्फ पाहिजे त्याने सही करायची, की आपला सगळा मासा कंपनीलाच विकेन, कंपनी ठरवील त्या भावाने. गिऱ्हाइकाला परस्पर शेपूटसुद्धा द्यायची नाही.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा ओटा तिच्या सासूने तिला हाताला धरून दिलेला. कोणाला मासा द्यायचा, कोणाला दटावायचं, कोणाच्या बाळंतिणीसाठी चांगला तुकडा बाजूला काढायचा, हे तिचं तिने ठरवायचं. ते सोडून कंपनीची हमाली करायची?

बायकांनी मिळून आयोगाकडे तक्रार केली. बाजारात कोणी कोणाचा गळा दाबत नाही ना, हे बघणारा आयोग. पण तारखा लांबतात आणि मासा थांबत नाही. एकेक बाई मान खाली घालून सही करून आली. सुनावणीच्या दिवसापर्यंत मावशी तेवढी उरली, शेजारणींच्या टोपलीतला बर्फ चोरून घेत. तेही कंपनीला कळलं. त्याच सकाळी फाटकावरच्या कारकुनाने तिला अडवलं. कारकून परका नव्हता, तिच्या नणंदेचाच मुलगा.

"मामी, सही केलीस का?"

"अरे, तुला अंगाखांद्यावर खेळवलाय मी!"

"खेळवलंस गं. पण नियम तो नियम. माझ्या आईलासुद्धा सोडलेली नाही."

मावशीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यातल्या दोन-तीन तिच्या सासरच्याच निघाल्या. मग मासे ओल्या गोणपाटात गुंडाळले, टोपली उचलली आणि तशीच सुनावणीला गेली. सरकारी इमारत आतून थंडगार असते, असं कोणीतरी सांगितलं होतं. आत गेल्यावर कळलं, थंडाव्याचं यंत्र बंद आहे आणि डोक्यावर एक पंखा नुसता कुरकुरतोय.

समोर तीन जण, मधोमध अध्यक्षबाई. कंपनीकडून एक वकील आणि एक अर्थतज्ज्ञ. तो अर्थतज्ज्ञ असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

"मुळात बर्फाचा बाजार असं काही नसतंच," तो म्हणाला. "माणसाला बर्फ नको असतो, गारवा हवा असतो. म्हणजे बाजार गारव्याचा. त्यात सावली आली, वारा आला, माठ आला, हिवाळा आला. एवढ्या मोठ्या बाजारात आमची कंपनी म्हणजे एक थेंब. शिवाय बर्फाचा दर उतरलाय. दर उतरला म्हणजे ग्राहकाचं कल्याण झालं. मग तक्रार कसली?"

"कल्याण?" मावशी उठली. "बर्फ स्वस्त केलात, मान्य. पण त्याच्या बदल्यात माझा मासा, माझं गिऱ्हाईक, माझी जीभ, सगळंच घेताय की! आणि हिवाळा कुठल्या फाटकावर मिळतो ते सांगा, मी आत्ता टोपली घेऊन जाते!"

"बाई, शांत व्हा," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि तज्ज्ञाकडे वळल्या. "पंखाही तुमच्या या बाजारात येतो?"

"निश्चित येतो."

"मग हे घ्या," म्हणत मावशीने टोपली त्याच्या टेबलावर आदळली, अगदी पंख्याखाली.

"अवश्य ठेवा," तज्ज्ञ हसून म्हणाला. शिकल्यासवरल्या माणसाने एवढी घोडचूक दुसरी केली नसेल.

त्याचं भाषण चालू राहिलं आणि मासाही आपलं काम करू लागला. पंख्याने वास सगळ्यांना सारखा वाटला. खिडकीतून माश्या आल्या, एक फेरी मारली आणि तोंड फिरवून परत गेल्या. घड्याळाने दोन्ही काटे नाकावर धरले. नोंद घेणाऱ्याचा एक हात नाकावर आणि एक टंकयंत्रावर, त्यामुळे अर्धेच शब्द कागदावर येऊ लागले. तज्ज्ञ मात्र हिवाळ्यावरच अडून बसला होता.

शेवटी वकिलाला राहवेना. त्याने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हाताने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि कारखान्याला हाक मारली. "ताबडतोब बर्फ पाठवा!"

"सही केलीय का?" पलीकडून आवाज आला. मावशीने तो तेव्हाच ओळखला.

"कसली सही? अरे, मी कंपनीचाच वकील आहे!"

"असाल साहेब. सकाळी माझी मामीसुद्धा आली होती. नियम तो नियम."

"मग मी दुसरीकडून मागवतो!"

फोनमधला माणूस मनापासून हसला. "मागवा की! दुसरीकडे आहे कुठे, साहेब? बाकीच्या दोघांना आपणच नाही का कुलपं घातली?"

वकिलाने फोनवर रुमाल टाकला, पण उशीर झाला होता.

"हे लिहून घेतलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"'दुसरीकडे आहे कुठे', एवढंच आलंय," नोंद घेणारा म्हणाला.

"तेवढं पुष्कळ झालं." अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि नाक धरूनच निकाल सुनावला. दोन्ही कुलपं काढा, कागद फाडा, कारखाने तीन निरनिराळ्या मालकांना विका! दुसऱ्या दिवशी तिन्ही कारखान्यांची यंत्रं घरघरू लागली. मालक पुन्हा फाटकात उभे, या मावशी, बसा मावशी. एकाने तर खुर्चीवर गादी घातली. आणि आपली मावशी, सगळ्या बंदरात एकटी, सही न करता ताठ मानेने...

"भावजी, पुरे!"

मावशीने सुरी खाली ठेवली होती.

"मासा सडला ते खरं. फोनही खरा. पण निकाल कुठला हो? फोनवरचा माणूस शपथेवर नव्हता म्हणून ते बोलणं नोंदीतून काढून टाकलं आणि पुढची तारीख दिली. ताठ मान म्हणे! मग आज सकाळी फाटकावर सही करून आली, ती कोण होती? आणि त्या माशावरची नजर काढा आधी. तो माझा नाही, कंपनीचा आहे."