शेवटचा बिल्ला

कारखान्याच्या मालकाने माणसाची घरची ओढ पितळेत ओतली होती. एक बिल्ला म्हणजे घरी एक आठवडा. वर्षाला माणशी तीन. बिल्ल्यावर नाव नसे. दाखवील त्याची सुटी. म्हणून रविवारी दुपारी खोलीत पोकर रंगला की कामगार पैसे लावत नसत, बिल्ले लावत. मालकाला काय त्याचं! हा गेला काय नि तो गेला काय, गेटबाहेर डोकी तेवढीच.

वेल्डरचे दोन बिल्ले डावात गेले होते. तिसरा मुठीत. त्याच्या हातात राणी आणि अठ्ठी, टेबलावरच्या उघड्या पानांतही राणी आणि अठ्ठी. दोन जोड्या, वाईट नव्हे. पण त्या उघड्या पानांत तीन बदाम होते, आणि समोर क्रेनवाल्या मामाने आणखी एक बिल्ला पुढे सरकवला होता. मामाकडे दोन बदाम असले, तर पाच बदाम जुळून वेल्डरच्या जोड्या केरात.

"कॉल कर, लाव तो बिल्ला, नाहीतर पत्ते टाक," गॅसकटर म्हणाला. स्वतः डावातून उठल्यामुळे त्याला भलता जोर चढला होता. "अंडी उबवतोयस का?"

"तुझं तोंड आवर आधी."

जिंकला तर सगळे मिळून आठ बिल्ले, म्हणजे दोन महिने घरी. मागच्या खेपेला पोरगी आठवडाभर आईच्या पदराआड होती. तिच्या लेखी बाप फोनमध्ये राहायचा. हा दाढीवाला कोण? शेवटच्या दिवशी ती आपणहून मांडीवर येऊन बसली, तेव्हा बायको त्याची बॅग भरत होती. एका आठवड्यात पोर ओळखीची होते, नि ओळख झाली की निघायचं. दोन महिने मिळाले तर? ती भांडेल, रुसेल, गळ्यात पडून झोपेल.

त्याने मामाकडे पाहिलं. मामा गप्प होता. खरे पत्ते आले की मामाची जीभ वळवळायची. थाप मारताना तो असा दगड व्हायचा. म्हणजे थापच! वेल्डरने मूठ पुढे केली.

मूठ उघडेना.

थाप नसली तर? मग एक आठवडाही नाही. पुढच्या वर्षापर्यंत तो पुन्हा फोनमधलाच.

त्याने पत्ते पालथे टाकले. "घे मामा."

मामाने आपली पानं उलटली. चौकट दुर्री, किलवर पंजा. एक बदाम नाही.

गॅसकटर हसून लोळला. "लेका, वाघ समजून मांजराला भ्यालास!"

मामाने बिल्ले ओढून घेतले. त्याच्या पेटीत असे कितीतरी पडून होते. त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. "चिडलास?" त्याने हळूच विचारलं.

"आग लागो तुझ्या पत्त्यांना," वेल्डर म्हणाला, आणि पुन्हा बसायचा मोह होण्याआधी शेवटचा बिल्ला सुटी नोंदवायला टाइम ऑफिसच्या खिडकीत टाकून मोकळा झाला. मग तिथूनच घरी फोन लावला. बायकोने तो पोरीच्या कानाला धरला.

"मी येतोय गं," तो म्हणाला. "पण आठवडाच आहे बघ. या वेळी लपू नकोस. पहिल्याच दिवशी मांडीवर बसशील?"



"टोचते," पोरगी म्हणाली. "दाढी काढून या."