रतीबाला दार कुणी उघडलं

परीक्षा जवळ आली की आमच्या गल्लीत पोरं येतात. पुढं महरूस मास्तर, मागं शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग, आणि सगळे येऊन थांबतात ते आमच्या भाकरीच्या भट्टीच्या दारापुढं. "हेच ते दार," मास्तर सांगतो आणि तिथंच उभा राहून कादंबरीतलं ते प्रकरण मोठ्यानं वाचतो. पोरी डोळे पुसतात, पोरं फोटो काढतात, एखादा दाराकडं बघून थुंकतो. थुंकणाऱ्याला मी झाडू दाखवला की तो म्हणतो, "बघा सर, पुस्तकातल्यासारखीच आहे."

आता याला काय करावं, तुम्हीच सांगा.

पुस्तकात असं आहे, की थंडीच्या दिवसांत रतीबा नावाची पोटुशी पोर भावांच्या भीतीनं घर सोडून पळते आणि भट्टीवालीचं दार वाजवते. भट्टीवाली आतूनच म्हणते, "इथं जागा नाही, पुढं जा." पोर कालव्यात जीव देते. बस्स. एवढ्यावर अख्खा इजिप्त रडतो. गुण मिळतात ते वेगळेच.

भट्टीवाली म्हणजे माझी आई, तफीदा. आणि तिनं दार उघडलं होतं. मी सहा वर्षांची होते. थंडीत आम्ही भट्टीच्या वरच झोपायचो, गरम असायचं. त्या रात्री अम्मानं रतीबाला माझ्या शेजारी झोपवली, आणि तिचे गारठलेले पाय माझ्या पोटऱ्यांना लागले तशी मी रडायला लागले. अम्मा म्हणाली, "गप गं, पाहुणी आहे." आठवडाभर तिला लपवून ठेवली, भाकरी दिली, माझ्या बापाच्या शिव्या खाल्ल्या. मग एका पहाटे अम्मा पीठ मळत असताना ती आपली आपण उठून गेली. कुणाच्या घरावर बालंट नको म्हणाली असेल, आणखी काय. गल्लीतली बाकीची दारं तिनं आधीच वाजवली होती, एकही उघडलं नव्हतं. त्या घरांची नातवंडं आज आमच्या दाराकडं बघून थुंकतात.

लिहिणारा आमचाच भाडेकरू. कालव्याच्या कचेरीत कारकून होता, वरच्या खोलीत राहायचा. हे सगळं झालं तेव्हा तो सणाला गावी गेला होता. पुस्तक छापून आल्यावर एक प्रत घेऊन आला, सही करून. अम्माला वाचता येत नव्हतं, तिनं ती तुपाच्या बरणीखाली ठेवली. पुढं लोकांनी सांगितल्यावर तिनं त्याला विचारलं, "अरे बाबा, मी कधी दार लावलं?" तर म्हणतो कसा, "काकू, गोष्टीला एक बंद दार लागतंच. मला तुमचं दार चांगलं ठाऊक होतं." आता तो मेला, देव त्याला माफ करो. मी नाही करणार.

पुस्तक शाळेला लागलं आणि आमचं वाटोळं झालं. माझं ठरलेलं लग्न मोडलं. सासू होणार होती ती म्हणाली, दार लावणारीची लेक आमच्या घरात नको. माझ्या भाच्यानं परीक्षेत लिहिलं की भट्टीवालीनं दार उघडलं, मी तिचाच नातू आहे. त्याला भोपळा मिळाला. मी महरूस मास्तराकडं भांडायला गेले. तो बिचारा भला माणूस आहे, चहा दिला. म्हणाला, "इन्शिराहबाई, तुमचं खरं असेल. पण उत्तर ठरलेलं आहे, पाषाणहृदय आणि समाजाचं मौन. दोन मुद्दे, दोन गुण." पालथ्या घड्यावर पाणी.

तोवर अम्मा खंबीर होती. पोरं आली की हसायची, म्हणायची, "वाचू दे गं, अल्लाला वाचता येतं." पण दोन वर्षांमागं ती विसरायला लागली. आधी शेजारणींची नावं गेली, मग माझा बाप मेल्याचं गेलं, मग माझंही नाव कधी जायचं, कधी यायचं. सगळं गेलं आणि राहिलं काय, तर दरवर्षी दारापुढं ऐकलेलं ते प्रकरण. एक दिवस पीठ चाळता चाळता मला म्हणाली, "मी तिला पुढं जा म्हणाले. एवढ्या थंडीत."

"अम्मा, तू दार उघडलंस. मी होते ना तिथं."

"तू लहान होतीस. पुस्तकात लिहिलंय. एवढ्या शाळा खोटं शिकवतील का?"

माझ्या एकटीच्या आठवणीला कोण विचारतंय?

यंदा वर्ग आला तेव्हा अम्मा दारातच उन्हाला बसली होती. मास्तरानं वाचून संपवलं. अम्मानं पुढं उभ्या असलेल्या एका चष्मेवाल्या पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "रतीबा, मला माफ कर गं."

पोरगी गडबडली. मास्तराकडं बघायला लागली, मास्तर बुटांकडं. पोरगी वाईट नव्हती, तिचे डोळे भरले होते. पण वर्षभर पाठ केलेलं ते शेवटी तोंडात आलंच. "हज्जा आजी, शेवटच्या प्रकरणात रतीबा माफ करत नाही," ती म्हणाली. मागून कुणीतरी बोललं, "हा प्रश्न मागच्या वर्षी आला होता."

त्या दिवसापासून अम्मानं खाणं सोडलं. भाकरी पुढं केली की तोंड फिरवायची. "तिला दिली नाही, मी कशी खाऊ?" मी मसूर शिजवून दिले, दुधात कुस्करून दिलं, रागावले, पाया पडले. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर बाई जाणार. इमामानं येऊन समजावलं की देव क्षमा करतो. अम्मा म्हणाली, "देवापुढं मी दार कुठं लावलं होतं? तिच्यापुढं लावलं."

मी हरले. जन्मभर ज्या पुस्तकाशी भांडले, शेवटी त्यातच शिरले. संध्याकाळची अजान झाल्यावर काळी ओढणी चेहऱ्यावर ओढली, बाहेर गेले आणि आमचंच दार वाजवलं. शेजारीण बघत होती. म्हटलं बघू दे, अब्रू कधीच गेली आहे.

"कोण?" आतून अम्मा.

"मी रतीबा."

मग भिंत धरत, पाय ओढत ती येताना ऐकू आली. कडी काढायला तिला जमेना. मी बाहेरून दार रेटत होते, ती आतून ओढत होती. उघडलं तेव्हा ती चौकट धरून उभी होती.

"आलीस? मी तेव्हा..."

जे कुणी बोलू नये म्हणून मी जन्म घालवला, ते आता मलाच बोलायचं होतं. "तू मला दारातून परत पाठवलंस," मी म्हणाले. "मी तुला माफ केलं." हे शब्द माझ्या तोंडातून गेले. न केलेल्या पापाची माफी, आणि ती देणारी कोण, तर ज्या एकट्या माणसाला खरं ठाऊक आहे ती मी.

अम्मानं मला आत घेतलं, भट्टीजवळ बसवलं. टोपलीतली भाकरी काढली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. पाण्यात बुडवून सावकाश खायला लागली. मी तिच्याकडं बघत बसले. चार घास गेले होते पोटात.

मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "एक कर. माझ्या लेकीला यातलं काही सांगू नकोस."

"का?"

"ती वेडी अजून सगळ्यांशी भांडते. तिला वाटतं, मी दार उघडलं होतं."

मी मान हलवली. नाही सांगणार म्हणाले. अम्मानं माझे पाय चाचपले, गार लागले तिला, आणि आपल्या मांडीवर घेऊन ती ते चोळत बसली.